पान उलटा

आता आठवलं की धाकटीला हसू येतं. पण त्या आठवड्यात तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि तोही दोन शब्दांपायी. कुणी शिवी दिली नव्हती की टोमणा मारला नव्हता. तिच्या वडिलांनी स्वतःच रचलेल्या गाण्यात पेन्सिलीनं चार वेळा लिहिलं होतं, ‘पान उलटा’.

धाकटी सेहेचाळीस वर्षांची आहे. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं हे नाव केस पिकायला लागले तरी सुटलेलं नाही. तिचा धंदा असा, की चारचौघांत सांगितला तर दोनदा सांगावा लागतो. गाणी रचणारे लोक हातानं जे लिहितात, म्हणजे पाच आडव्या रेघा, त्यांवर स्वरांचे टिपके आणि टिपक्यांखाली गाण्याचे शब्द, ते सगळं ती कम्प्युटरवर नीटनेटकं मांडून देते. मग त्याच्या छापील प्रती गाणाऱ्यांच्या हातात जातात. ‘म्हणजे टायपिंगच ना?’ असं कुणी म्हटलं की ती ‘हो’ म्हणते आणि विषय बदलते.

ती वडिलांबरोबर राहते. अप्पा एकोणऐंशी वर्षांचे. जन्मभर त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचा एकेक खिळा चिमटीत धरायचा, अक्षरं उलटी वाचत ओळ लावायची, ओळींचं पान करायचं. दिवसभर हे, आणि संध्याकाळी छापखान्यातलीच माणसं जमवून गायनमंडळ. पुढे खिळ्यांचा जमाना संपला, छापखान्याला कुलूप लागलं, पण गायनमंडळ काही बंद पडलं नाही. आता अप्पांचे हात थरथरतात आणि गुडघे कुरकुरतात. तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून तालमी पियानोच्या बाई घेतात. अप्पा कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीला तेवढे जातात, दोन जिन्यांवर बसून दम खात. यंदा मात्र सहा वर्षांनी त्यांनी नवं गाणं रचलं होतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच.

आता दादाचं. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी असतो आणि महिन्यातून एकदा येतो. महिन्यातून एकदा येणाऱ्याला सगळं एकदम दिसतं. अप्पांचा चष्मा बुटांच्या कपाटात सापडला, ते त्याला दिसलं. एकाच जेवणात त्यांनी एकच किस्सा दोनदा सांगितला, तो त्यानं मोजला. बेसिनचा नळ चालू राहिला होता, धाकटीला त्यांनी एकदा स्वतःच्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. दादानं ही सगळी यादी फोनमध्ये तारखांसकट लिहून ठेवली होती. दादा वाईट नाही. त्याला काळजी वाटली की तो वाईट वागतो, एवढंच.

गेल्या खेपेला जाताना त्यानं धाकटीच्या हातात एक फॉर्म ठेवला. त्याच्या गावात एक संस्था आहे, ज्यांची स्मृती जाते आहे अशा वृद्धांना सांभाळणारी. एक खोली रिकामी झाली होती. दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. त्याची सही झाली होती.

“हे बघ, मला काही हौस नाही,” दादा म्हणाला. “पण उद्या गॅस चालू राहिला म्हणजे? तू जवळ असतेस म्हणून तुला कळत नाहीये. शनिवारी येतो मी, त्यांची तालीम पण आहे. तोवर विचार कर. आणि त्यांच्या चुका त्यांना दाखवत बसू नकोस, डॉक्टर म्हणतात त्यानं त्रास वाढतो.”

धाकटीनं तो फॉर्म कीबोर्डखाली सरकवून ठेवला. कागद नजरेआड झाला, पण टाइप करताना कीबोर्ड जरासा डुगडुगायला लागला, त्यामुळे विसरायची काही सोय राहिली नाही.

त्याच आठवड्यात अप्पांनी गाण्याचे कागद तिच्या टेबलावर आणून ठेवले.

“सावकाश कर,” ते म्हणाले, “पण शनिवारच्या आधी कर.”

धाकटी कागद वाचायला बसली. मथळ्याखालीच कोपऱ्यात थरथरत्या पेन्सिलीत काहीतरी होतं. तिनं डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, ‘अंतरा १८’. गाण्याला अंतरे होते तीन! पुढे गेली तर एके ठिकाणी दोन उभ्या रेघांमधला एक अख्खा रकाना रिकामा. खाली पियानो वाजतोय, वर गाणाऱ्यांना एकही स्वर नाही, आणि त्या रिकाम्या जागेखाली लिहिलेलं, ‘पान उलटा’. तिनं पान उलटून पाहिलं. पण पान संपलंच नव्हतं, ते शब्द कागदाच्या पार मधोमध होते. असं एकदा नव्हे, चार वेळा. चार रिकामे रकाने, चार वेळा ‘पान उलटा’, आणि एकदाही पानाच्या शेवटी नाही.

गाणं एका झाडाचं होतं. ‘वारा येतो, पान हलते, झाड म्हणते थांब ना’ अशा साध्यासुध्या ओळी. त्यामुळे धाकटीनं स्वतःची समजूत घातली की हे झाडाचंच पान असेल, गाण्याचाच भाग असेल, काहीतरी कविता असेल. ही समजूत फार वेळ टिकली नाही, पण तिनं ती धरून ठेवली.

पलीकडच्या खोलीत अप्पा बसलेले होते, त्यांना एका वाक्यात विचारता आलं असतं. दाराशी जाऊन ती दोनदा परतही आली. कारण विचारलं आणि त्यांनी भलतंच उत्तर दिलं, किंवा नुसतंच तिच्याकडे बघत राहिले, तर? मग दादाचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि कीबोर्डखालचा कागद बाहेर काढावा लागला असता. न विचारता निदान शनिवारपर्यंत तरी ढकलता येत होतं. तिसऱ्यांदा दाराशी गेली तेव्हा तिनं भलताच प्रश्न विचारला.

“अप्पा, आज वार कोणता हो?”

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. “का? तुला माहीत नाही?”

“तसं नाही, सहज.”

“सहज कुणी वार विचारतं का? तब्येत बरी आहे ना तुझी?”

एवढ्यावर परीक्षा संपली. अप्पांनी वार सांगितलाच नाही, त्यामुळे ते पास झाले की नापास हे धाकटीला ठरवता येईना.

शेवटी तिनं जसं लिहिलं होतं तसं सगळं टाइप केलं. ‘अंतरा १८’ गाळलं आणि ‘पान उलटा’ गाण्याच्या शब्दांसारखंच शब्दांच्या ओळीत बसवलं. पाच पानं झाली. सोमवारी तालमीला ती स्वतः प्रती घेऊन गेली आणि मागच्या बाकावर बसली. पहिला रिकामा रकाना आला. खाली शब्द आहेत, वर सूर नाही. आता काय करायचं? गायनमंडळातली माणसं शिस्तीची. तिसांनी मिळून, अगदी गंभीर आवाजात, गाण्याच्या मधोमध बोलून टाकलं, “पान उलटा.” आणि पुढे गायला लागली. दोघांनी खरंच उलटलं आणि ओळ चुकले.

तालीम संपल्यावर पियानोच्या बाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला, आणि त्या हातावरूनच धाकटीला कळलं की काय बोलणार आहेत.

“पान उलटायची सूचना असेल गं ती,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण इथे तर पान संपत नाही. अप्पांना हल्ली जरा… नाही, म्हणजे वय झालंय. आपण काढून टाकू या का ते? त्यांना कशाला कळू द्यायचं!”

बाईंचं मन मोठं, पण धाकटीला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी होतं.

घरी येऊन तिनं ते शब्द काढायला घेतले, पण पुसायला हात धजेना. अप्पांनी सहा वर्षांनी लिहिलेलं काहीतरी होतं ते, मग शहाणपणाचं असो की नसो. तिच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. शब्द न पुसता नुसते अदृश्य करता येतात. छापताना येत नाहीत, पण आत जिथल्या तिथे असतात. तिनं चारही ठिकाणचे शब्द अदृश्य केले, आणि बापाच्या पाठीमागे काहीतरी केल्यासारखं तिला दोन दिवस वाटत राहिलं. अप्पा जेवताना काही विचारत तेव्हा ती ताटाकडे बघून उत्तर देई.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास दाराची घंटा वाजली. मावशी आल्या होत्या. या मावशी सगळ्या गायनमंडळाच्या मावशी. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. छापखान्यात त्या बांधणी खात्यात होत्या, म्हणजे अप्पांनी जुळवलेली पानं छापून आली की त्या शिवायच्या. हातातला गाण्याचा कागद त्यांनी टेबलावर टाकला.

“काय गं, या मुंग्या कुणी सोडल्या कागदावर?”

“मावशी, बसा तरी.”

“बसते, पण आधी सांगून घेते. टिपके दिसतात मला, शब्द दिसत नाहीत. सोमवारी मी अख्खं गाणं नुसतं तोंड हलवलं. शेजारची म्हणाली, मावशी, आज आवाज फार गोड लागला. मेली! मी गायलेच नव्हते.”

धाकटीला कित्येक दिवसांनी हसू आलं. “मोठं करून देते, त्यात काय. पाणी घेता?”

“पाणी नको, अक्षर मोठं कर.”

मावशी शेजारची खुर्ची ओढून बसल्या. धाकटीनं गाणं उघडलं. या प्रोग्रॅममध्ये कागदावरच्या प्रत्येक प्रकारच्या मजकुराला स्वतःची शैली असते. मथळ्याची वेगळी, वेगाच्या सूचनांची वेगळी, गाण्याच्या शब्दांची वेगळी. फॉन्ट कोणता, आकार केवढा, सरळ की तिरपा, रेघांपासून किती खाली, हे शैलीत एकदा ठरवलं की त्या प्रकारचा सगळा मजकूर एका दमात बदलतो. निदान बदलायला हवा. धाकटीनं शब्दांच्या शैलीत बाराचे चौदा केले आणि मावशींच्या पुढे एक पान छापून धरलं.

“मुंग्यांचे मुंगळे झाले,” मावशी म्हणाल्या. “अजून.”

सोळा केले. मावशींनी कागद नाकाजवळ नेला, लांब नेला, मान हलवली. “अजून थोडं.”

अठरा केले.

“हां! आता कसं!” मावशी खुशीत आल्या. “‘वारा येतो, पान हलते…’ हे बघ, वाचलं की नाही चष्म्याशिवाय! पण हे काय? हा शब्द एवढा आणि पुढचा एवढुसा?”

खरंच, निम्मे शब्द मोठे झाले होते आणि निम्मे बाराचे बाराच राहिले होते. याला कारण धाकटीची खोड. शैली-बिली तिला ठाऊक होती, पण तिचा भरवसा हातावर. एखाद्या शब्दाची वेलांटी रेघेला टेकली की ती तेवढाच शब्द पकडून जरासा सरकवी, एखादा फार पसरला की तेवढाच आवळून बसवी. अप्पांनी एकेक खिळा हातानं बसवला, ही एकेक शब्द बसवी. असे हातानं बसवलेले शब्द मग शैलीचं ऐकेनासे होतात. त्यांना वळणावर आणायला एक बटण असतं, ‘सगळा मजकूर मूळ शैलीवर आणा’. इतक्या वर्षांत धाकटीनं ते कधी दाबलं नव्हतं. हातानं केलेलं सगळं काम एका क्षणात जातं, म्हणून तिला त्या बटणाची धास्तीच होती.

“काय झालं? थांबलीस का?”

“हे दाबलं तर माझं सगळं बसवलेलं जाईल, मावशी.”

“मग पुन्हा बसव. मी पानं उलटी शिवली होती एकदा, तीनशे प्रती. उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. मेले का मी? दाब.”

धाकटीनं दाबलं.

पडद्यावर सगळं गाणं एकदा हललं. शब्द मोठे झाले, शब्दांनी टिपक्यांना बाजूला सारलं, एका ओळीत पाच रकाने मावत होते तिथे तीन मावायला लागले, उरलेले खालच्या ओळीत गेले आणि खालचे पुढच्या पानावर. वेलांट्या रेघांत घुसल्या. तिनं शैलीतच शब्द थोडे खाली घेतले, तशा त्या मुकाट्यानं बाहेर आल्या. पाच पानांची आठ पानं झाली. आणि पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या रकान्याखाली ठसठशीत अक्षरांत उमटलं होतं, ‘पान उलटा’.

आधी तिनं कपाळाला हात लावला. बटणानं सगळंच मूळ शैलीवर आणलं होतं, त्यात अदृश्य केलेलंही दृश्य झालं होतं. पुन्हा लपवायला म्हणून तिनं माउस उचलला आणि तिथेच थांबली. पान उलटा. पानाच्या तळाशी. पुस्तिकेत पहिलं पान उजव्या हाताला येतं, म्हणजे ते संपलं की उलटायचंच.

योगायोग असेल. तिनं तिसरं पान काढलं. तळाशी, उजव्या कोपऱ्यात, रिकाम्या रकान्याखाली, ‘पान उलटा’.  पाचवं पान. पान उलटा. सातवं काढायच्या आधी तिनं दोन सेकंद डोळे मिटून घेतले.

पान उलटा.

चारच्या चार, जिथे गाणाऱ्याला पान उलटावं लागणार होतं तिथे, नेमके. आणि प्रत्येकाच्या वर तो रिकामा रकाना. रिकामा कसला, तो उलटायला दिलेला वेळ होता! पियानो वाजत राहणार, माणसं गप्प राहून पान उलटणार आणि मग गायला लागणार.

धाकटीनं अप्पांचे मूळ कागद खसकन ओढले. मथळ्याखालचा कोपरा. ‘अंतरा १८.’ तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. तो त नव्हताच. पेन्सिल थरथरत गेलेला क्ष होता तो. वरचं टिंब म्हणजे नुसता टेकलेला हात, आणि शेवटचा काना म्हणजे घसरलेली रेघ.

अक्षर १८.

छापखान्यातला माणूस, पहिल्या कागदावर सगळ्यात आधी खिळ्याचा आकार लिहिणार. दुसरं काय लिहिणार!

“अगं, झालं काय?” मावशी घाबरून म्हणाल्या, कारण धाकटी एकदम ओंजळीत तोंड धरून हुंदके द्यायला लागली होती आणि मधूनच हसतही होती. “फार मोठं झालं का अक्षर? मला सोळाही चालेल हो!”

“नाही मावशी, अठराच. अठराच हवंय,” धाकटी नाक पुसत म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

अप्पा त्यांच्या खोलीत खिडकीशी बसले होते. ती कागद घेऊन आत गेली. या खेपेला दाराशी थांबली नाही.

“अप्पा, अक्षर अठरा.”

“मग? मी काय सोळा लिहिलं होतं?”

“मी अंतरा वाचलं.”

अप्पांनी कागद हातात घेतला, स्वतःचंच अक्षर पाहिलं आणि खो खो हसले. “अठरा अंतरे! माणसं पळून गेली असती की.”

“पण तुम्हाला कळलं कसं पान कुठे संपणार ते?”

अप्पांनी टेबलाचा खण ओढला. आत एक छापलेलं पान होतं, तिच्याच प्रिंटरचं, मंडळाच्या एका जुन्या गाण्याचं, शब्द अठरात. त्याच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा, ओळी मोजलेल्या, रकाने मोजलेले. “हे तूच दिलंस. थंडी संपता संपता मागितलं होतं मी, अठरात एक पान छापून दे म्हणून. मावशींना दिसत नाही, म्हटलं, गाणं त्यांच्या मापानं रचू. सांगितलं होतं तुला हेही. तू फोनवर होतीस. हो हो म्हणालीस, पान छापून दिलंस. एका ओळीत तीन रकाने, एका पानात चार ओळी. पुढे काय, गुणाकार! खिळे जुळवणाऱ्याला पान कुठे संपणार ते ओळ लावायच्या आधी कळावं लागतं.” ते जरा थांबले. “चाळीस वर्षं ऐकतोय मी. तीस माणसं एकदम पान उलटतात तेव्हा खुराड्यात मांजर शिरल्यासारखा आवाज होतो, आणि तेवढ्यात दोन शब्द हमखास बुडतात. म्हटलं, एक गाणं तरी असं करावं की जे पानासाठी थांबेल.”

धाकटी त्या पानाकडे बघत राहिली. तिला काहीसुद्धा आठवत नव्हतं. फोन आठवत नव्हता, पान आठवत नव्हतं, अठरा आठवत नव्हते. तारखेसकट यादी कुणाची करायला हवी होती, ते तिला आता कळलं.

“मी साफ विसरले, अप्पा.”

“होतं असं,” अप्पा म्हणाले. “वय झालं तुझं.”

दारातून मावशींचा हसण्याचा आवाज आला. त्या सगळं ऐकत उभ्या होत्या.

शनिवारी दुपारी दादा आला. त्यानं आणि धाकटीनं मिळून अप्पांना तिसऱ्या मजल्यावर नेलं, दोन जिन्यांवर बसून दम खात. धाकटीनं त्याला काही सांगितलं नव्हतं. फक्त आठ पानांची एक प्रत त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “नुसतं बघत जा.” प्रती वाटताना ती गाणाऱ्यांना एवढंच म्हणाली, ‘पान उलटा’ म्हणायचं नाही, उलटायचं. अप्पा पियानोजवळच्या खुर्चीत बसले. मावशी पहिल्या रांगेत, चष्मा केसांवर सारून.

गाणं सुरू झालं. झाड आलं, वारा आला, पान हललं, आणि सगळे एकदम थांबले. पियानो एकटा चालत राहिला. त्या एवढ्याशा वेळात तीस पानं उलटली. पियानोच्या सुरांखाली कागदांचा बारीकसा आवाज झाला, झाडातून वारा गेल्यासारखा. मग सगळे पुन्हा गायला लागले आणि एकही शब्द बुडाला नाही. पियानोच्या बाईंनी मान वळवून अप्पांकडे पाहिलं. त्यांचे हात वाजवत होते, पण चेहरा शाळेतल्या मुलीचा झाला होता. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा दादानंही पान उलटलं. तिसऱ्या वेळी तो हातातल्या कागदाकडे बघेनासा झाला, अप्पांकडे बघायला लागला. अप्पा डोळे मिटून मांडीवर थरथरत्या बोटानं मात्रा मोजत होते आणि एकही चुकत नव्हते.

“मला वाटलं होतं, गेले आपले अप्पा,” जिना उतरताना दादा मागे राहून धाकटीला म्हणाला.  “मला खरंच वाटलं होतं गं.”

“मलाही,” धाकटी म्हणाली. दोघं मधल्या जिन्यावर बसले. एवढं मोठं ओझं उतरलं होतं, की खाली जायची घाईच उरली नाही.

घरी चहा झाल्यावर दादानं तरी विचारलंच, दादाच तो. “अप्पा, पण चष्मा बुटांच्या कपाटात कसा गेला?”

“विसरलो. बूट काढले आणि चष्मा ठेवला. विसरतो मी, आणि यापुढे जास्त विसरेन,” अप्पा शांतपणे म्हणाले. “त्यासाठी दाराशी एक खिळा ठोका, चष्म्याला दोरी लावून अडकवेन. आणि गॅसला ते आपोआप बंद होणारं काय मिळतं, ते आणा.”

दादानं फोन काढून हे लिहून घेतलं, तारखेसकट. मग बहिणीजवळ सरकून तो पुटपुटला, “तो फॉर्म कुठाय? फाडून टाकू.”

धाकटीनं कीबोर्ड उचलला. खाली काहीच नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की दोन दिवस कीबोर्ड डुगडुगत नव्हता. ती टेबलावरचे कागद हलवून शोधू लागली.

“तो कागद ना? माझ्याकडे आहे,” अप्पा म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी चौघडी घातलेला फॉर्म काढला. “पेन्सिल शोधत होतो, तर मिळाला. दहा पॉइंटचं अक्षर. असल्या गोष्टी लोक नेहमी बारीक अक्षरात छापतात.”

 दादाचा चेहरा लालबुंद झाला. फॉर्मच्या तळाशी त्याची सही होती, आणि ती काही बारीक नव्हती.

“अप्पा, ते मी… मला वाटलं…”

“काळजीनं केलंस. मला दिसतं रे, चष्मा नसला तरी,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. “पान उलट.”

दादानं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती, ती आता कोरी नव्हती. थरथरत्या हातानं पण पट्टी लावून पाच-पाच रेघा आखलेल्या होत्या, पहिल्या ओळीवर नव्या गाण्याचे स्वर मांडायला सुरुवात झाली होती. आणि वर कोपऱ्यात, पुन्हा कुणाचा वाचण्यात घोटाळा होऊ नये म्हणून एकेक अक्षर सुटं सुटं काढून, लिहिलं होतं : अक्षर १८.